विशेष गरजा असलेल्या मुलासह परदेशी जाण्याची तयारी: एका सशुल्क सल्लासेवेचा वापरानंतरचा अनुभव

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि तो मोजके शब्द व चित्रे यांच्या आधारे बोलतो. पतींच्या कंपनीत परदेशी बदलीच्या संधी निघू लागल्या, तेव्हा अशाच कुटुंबांसाठी म्हणून विकली जाणारी एक सल्लासेवा आम्ही घेतली आणि ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या घरातून गेल्या पावसाळ्यापासून ती वापरत आहोत. शुल्क साधारण गृहकर्जाच्या एका हप्त्याइतके आहे. त्यात सामायिक तक्ता, पंधरवड्याला सल्लागाराशी व्हिडिओ कॉल आणि कागदपत्रांची तपासणी मिळते. सेवेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी चौकशी केलेल्या इतर सेवांचा साचाही जवळपास हाच होता.

पैसे वसूल झाले ते देशांच्या तुलनेच्या पानावर. आपल्याकडे परदेशी जाण्याचा विचार पगारापासून सुरू होतो, मग व्हिसा, मग घर, आणि मुलाची शाळा सगळ्यांत शेवटी येते. या तक्त्यात मात्र पहिला रकाना मुलाच्या निदानाचा आणि दुसरा त्या देशाच्या आरोग्यविषयक अटीचा होता. ज्याने ही रचना केली त्याला विषय कळलेला आहे. ऑस्ट्रेलियात कायमस्वरूपी व्हिसासाठी कुटुंबातील प्रत्येकाची आरोग्य तपासणी होते, सरकारवर पडू शकणाऱ्या खर्चाचा अंदाज काढला जातो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर बहुतेक व्हिसांत एकाचा नकार हा सगळ्या कुटुंबाचा नकार ठरतो. ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये ५१,००० वरून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. कॅनडातही अशीच अट आहे, पण २०१८ मध्ये तिथे मर्यादा तिपटीने वाढवण्यात आली आणि विशेष शिक्षणाचा खर्च या हिशेबातून वगळण्यात आला. २०२४ साठी ती वर्षाला २६,२२० कॅनेडियन डॉलर होती. ब्रिटनमध्ये खर्चावर बेतलेली अशी अट नाही. तिथे क्षयरोगाची तपासणी करावी लागते आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच एकरकमी भरावा लागतो: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, अठरा वर्षांखालील मुलाला ७७६. तीन वर्षांच्या व्हिसासाठी आई, वडील आणि एक मूल मिळून हा आकडा ८,५३८ पौंडांवर जातो. कंपनी ही रक्कम देणार की नाही, हा प्रश्न होकार कळवण्याआधी विचारा, असे सल्लागारांनी आम्हाला बजावले होते. आम्ही विचारले, आणि इंग्लंडला जाण्याचा निर्णय मुख्यतः त्या उत्तरावर झाला.

शाळेच्या बाबतीत मात्र सेवेचा उपयोग फार थोडा झाला. जाहिरातीत ‘निघण्यापूर्वी शाळेची निश्चिती’ असे लिहिले आहे. विशेष शाळेच्या बाबतीत इंग्लंडमध्ये हे जवळपास अशक्य आहे, आणि सेवा विकणाऱ्याला ते माहीत असायला हवे. ठाण्यात महापालिकेची विशेष मुलांसाठीची ‘जिद्द’ शाळा किंवा वाशीतले दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र यांच्या दारात जाऊन पालक चौकशी करू शकतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार स्थानिक प्रशासन मुलाची शिक्षण, आरोग्य आणि देखभाल योजना तयार करते, आणि शाळेचे नाव त्या योजनेत लिहिले जाते. ही जबाबदारी मूल ज्या भागात राहते तिथल्या प्रशासनाची असल्यामुळे आधी पत्ता लागतो. पालकांनी अर्ज केल्यावर मूल्यमापन करायचे की नाही हे सहा आठवड्यांत कळवायचे आणि वीस आठवड्यांत अंतिम योजना द्यायची, असे नियम सांगतो. तोवर मूल सर्वसाधारण शाळेत जाते, किंवा जागा नसेल तर घरी राहते. मधल्या काळात घरी कोण थांबणार आणि एका पगारात भाडे निघेल का, हा खरा नियोजनाचा प्रश्न होता. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. तो आम्ही स्वतः जोडला. त्यातच हेही लिहिले की आमच्या व्हिसावर सरकारी भत्ते मिळत नाहीत, म्हणजे अपंग मुलांसाठीचा तिथला भत्ताही नाही. शाळेतील मदत मात्र या बंदीत येत नाही.

कागदपत्रांच्या तपासणीत सल्लागारांचा सगळा भर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळणाऱ्या सवलतींसाठी ती दोन्ही आवश्यक आहेत, परंतु त्यांवरची टक्केवारी इंग्लंडच्या शाळेला काहीच सांगत नाही. मुलाला काय जमते, कशासाठी मदत लागते आणि ती किती वेळ लागते, हे तिथे विचारतात. नौपाड्यातील आमच्या थेरपिस्ट ताईंनी हे लगेच ओळखले आणि अहवाल नव्याने लिहून दिला: एका वेळी दोनच सूचना, गोंगाटात कानांवर हेडफोन, जेवताना शेजारी एक मोठी व्यक्ती. संध्याकाळच्या कोंडीतून तिथपर्यंत जाण्याचा मनस्ताप त्या चार पानांनी भरून काढला.

एका सल्ल्याशी मी पूर्ण असहमत आहे. आतापासून घरात फक्त इंग्रजी बोला, असे पहिल्याच महिन्यात सांगण्यात आले. स्वमग्न मुलांना दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो, असे संशोधनात आढळलेले नाही, आणि आजीशी ज्या भाषेत तो पाणी मागतो ती काढून घेऊन त्याला मिळणार काय? आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांचे मोफत अ‍ॅप मराठीतही चालते आणि इंग्रजीतही. आम्ही दोन्ही ठेवले आहे.

औषधांबाबतची सूचना मात्र अचूक निघाली. आपल्याकडे सहज मिळणारे झोपेसाठीचे मेलाटोनिन ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि एकाग्रतेसाठी दिले जाणारे मिथिलफेनिडेट तिथे नियंत्रित औषधांत मोडते. म्हणून औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि प्रवासाच्या तारखा लिहिलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हातातल्या पिशवीत ठेवायचे. विमान कंपन्यांकडे बौद्धिक वा विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी डीपीएनए असा मदतीचा सांकेतिक प्रकार असतो आणि तो किमान ४८ तास आधी नोंदवायचा, हेही आम्हाला इथूनच कळले.

वर्गणीची मुदत या महिन्यात संपते आणि आम्ही ती वाढवणार नाही. ज्यांचा देश अजून ठरलेला नसेल, त्यांनी पहिल्या तीन महिन्यांपुरती ही सेवा जरूर घ्यावी. देश ठरला असेल तर तेच पैसे थेरपिस्टकडून नीट अहवाल लिहून घेण्यासाठी वापरावेत.