शेवट माहीत असूनही: हेयर, क्विन, नील्स की रॉबर्ट्स?

कॉलेजात असताना पुस्तकं भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून मी एक इंग्रजी प्रेमकादंबरी आणली. रात्री उशिरा लक्षात आलं की शेवटची नऊ पानं गायब आहेत. रहस्यकथा असती तर सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले असते. इथे मी पुस्तक मिटलं आणि त्या दोघांच्या डोक्यावर मनातल्या मनात अक्षता टाकून झोपले. पुस्तक परत करताना तक्रारसुद्धा केली नाही.

प्रेमकादंबरीला नाक मुरडणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘शेवट तर आधीच माहीत असतो!’ असतोच. सीतास्वयंवराच्या आख्यानाला बसलेल्यांनाही धनुष्य कोण मोडणार ते माहीत असतं. बुवा ते धनुष्य किती वेळ जागचं हलू देत नाहीत, रावणाची फजिती कशी रंगवतात, मध्येच कोणतं पद घेतात, यासाठी मंडळी मांडी घालून बसतात. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखकांची संघटना १९८० साली निघाली. तिने तर प्रेमकादंबरीच्या व्याख्येतच दोन अटी घातल्या: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. शेवट असा आधीच बांधलेला असला की निवड करायची ती बुवांची, म्हणजे लेखिकेची. म्हणून ‘कधी वाचली नाही, एखादी सुचव’ असं कुणी म्हटलं, की तुला कसली गोष्ट आवडते हे मी विचारत नाही. तीनशे पानं कुणाच्या सोबतीत काढायला आवडतील, ते विचारते. त्यासाठीच इंग्रजीतल्या या चौघी.

जॉर्जेट हेयर: पहिली पन्नास पानं सोसायची तयारी असेल तर

माझं मत आधीच सांगून टाकते: चौघींत सर्वांत मोठी लेखिका हीच. जन्म १९०२चा, मृत्यू १९७४चा. पहिली कादंबरी तिने आजारी भावाचं मन रमवायला सतराव्या वर्षी रचली आणि ती १९२१ साली छापून आली. पुढे रीजन्सी काळ, म्हणजे ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं, तिने इतका आपलासा केला की आज ‘रीजन्सी रोमान्स’ नावाचा जो भलामोठा बाजार आहे त्याचा पाया तिचाच. कपडे, बग्ग्या, घोडे, दुकानं, त्या काळची बोली यांच्या टिपणांनी तिच्या वह्या भरलेल्या होत्या. एका कादंबरीतली वॉटर्लूची लढाई एवढी चोख उतरली की सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत तिचा उपयोग केला गेला, असं सांगतात. मुलाखती मात्र ती देत नसे.

हेयरकडे चुंबनं मोजकी आणि बोलणं भरपूर. दोघं एकमेकांना शब्दांत पकडतात आणि त्यातच प्रेमात पडतात. ‘व्हेनेशिया’ (१९५८) मधली नायिका पंचवीस वर्षांची आहे, यॉर्कशरमध्ये एकटीने घरची इस्टेट सांभाळते. शेजारचा बदनाम उमराव तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा दोघंही कवितेच्या ओळी एकमेकांच्या तोंडावर फेकतात. तो कसाही वागलेला असो, आपण ज्यावर हसतो त्यावर हाही हसतो हे तिला कळतं, आणि तिचा निर्णय तिथेच झालेला असतो. बाकीचं पुस्तक म्हणजे तो निर्णय बाकीच्यांच्या गळी उतरवणं.

पण मराठी वाचकाला मी दुसरी सुचवते: ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१). युद्धावरून परतलेल्या तरुण उमरावाच्या डोक्यावर बापाने करून ठेवलेलं कर्ज आहे, घर विकायची वेळ आलीय. प्रेम एका सुंदर मुलीवर, लग्न मात्र शहरातल्या गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी. ही जेनी दिसायला साधी, अंगाने स्थूल, व्यवहाराला पक्की. आणि सासरा! मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा, दर भेटीत जावयाला महागड्या वस्तूंखाली दाबून टाकणारा. ‘आम्ही काही कमी पडू देणार नाही हो’ म्हणणारा हा माणूस आपल्याकडच्या प्रत्येक मांडवात भेटलेला असतो. या कादंबरीत कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. जेनी नवऱ्याला कशी खुर्ची लागते, कसलं जेवण लागतं ते लक्षात ठेवते, आणि तो शेतीत रमतो. सरकारी कर्जरोख्यांचा भाव वॉटर्लूच्या आदल्या घबराटीत कोसळतो तेव्हा काय करायचं, हा इथला सर्वांत थरारक प्रसंग! हेयरच्या कित्येक चाहत्यांना हा शेवट पाणचट वाटतो. मला तो ठरवून केलेल्या लग्नाबद्दल वाचलेल्या सर्वांत खऱ्या शेवटांपैकी एक वाटतो.

अडचणी दोन. तिची भाषा जड आहे, जुनी बोलीभाषा ठासून भरलेली; शब्दकोश फारसा मदतीला येत नाही, अंदाजाने पुढे जावं लागतं. दुसरी अडचण गंभीर. तिच्या जगात खानदान हा गुण आहे आणि नोकरचाकर विनोदापुरते. ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) ही तिची अत्यंत लाडकी, धमाल कादंबरी, पण त्यातल्या ज्यू सावकाराचं चित्र इतकं विखारी आहे की १९५०मध्ये, नाझी छळछावण्या उघड झाल्यानंतर, ते लिहवलं कसं हा प्रश्न पडतो. म्हणून सुरुवात त्या पुस्तकाने करू नका.

ज्युलिया क्विन: मालिका बघून आलेल्यांसाठी

डिसेंबर २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर क्विनच्या कादंबऱ्यांवरची ‘ब्रिजर्टन’ ही मालिका आली आणि ही लेखिका घराघरांत पोचली. काळ हेयरचाच, बंगलेही तेच. पण हेयर बेडरूमच्या दाराशी थांबते, क्विन आत जाते. हेयरची पात्रं १८१५ सालातली वाटतात. क्विनची पात्रं आजची, फक्त कपडे जुने. हा दोष आहे की सोय, ते तुम्ही का वाचताय त्यावर ठरेल. प्रवासात, दमल्यावर, सलग वाचायला क्विन कितीतरी सोपी.

तिची खरी कमाई म्हणजे हे ब्रिजर्टन कुटुंब. आठ भावंडं, आईने नावं चक्क वर्णमालेनुसार ठेवलेली, आणि प्रत्येकाचं एक पुस्तक. एकाच्या प्रेमात बाकीचे सात लुडबुड करतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या पुस्तकात त्यांतले काही जण पाहुण्यांसह हिरवळीवर लाकडी हातोड्यांनी चेंडू मारायचा खेळ खेळतात आणि खोटं खेळायला एकही भावंड मागे राहत नाही. ते प्रकरण पत्त्यांच्या डावात भांडलेल्या प्रत्येक भावंडाने वाचावं.

पहिलं पुस्तक (२०००) मात्र जपून घ्या. त्यात नवरा दारूच्या अमलाखाली असताना नायिका त्याच्या इच्छेविरुद्ध वागते आणि पुस्तक ते सहज पचवून पुढे जातं. आज बऱ्याच वाचकांना ते पटत नाही, मलाही नाही. दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी काही अडत नाही. मालिकेत या दुसऱ्या गोष्टीची नायिका भारतीय शर्मा कुटुंबातली आहे. पुस्तकात ती शेफिल्ड, अस्सल इंग्रज. मालिकेतल्या शर्मा भगिनी बापाला तमिळ ‘अप्पा’ म्हणतात, थोरलीला हिंदी ‘दीदी’ आणि धाकटीला बंगाली ‘बोन’. हे घर नेमकं कुठलं, ते पत्ता काढणाऱ्याने काढावं.

जाता जाता बार्बरा कार्टलंड या इंग्रज प्रेमकादंबरीकार बाईंबद्दल. सातशेच्या वर पुस्तकं, सोफ्यावर पडून सेक्रेटरीला सांगितलेली. तिच्या नायिका टिंब टिंब देत, धापा टाकत बोलतात. आपल्या पुस्तकांतली नावं आणि प्रसंग तिने उचलल्याची तक्रार हेयरने १९५०मध्ये केली होती. मूळ झरा जवळ असताना तिकडे जायचं कारण मला दिसत नाही.

बेटी नील्स: एका दुपारची सोबत

‘मिल्स अँड बून’ हे एका बाईचं नाव आहे असं समजणारी माणसं मला भेटली आहेत. प्रत्यक्षात जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोन पुरुषांनी १९०८ साली लंडनमध्ये काढलेली ही प्रकाशनसंस्था. सुरुवातीला तिने जॅक लंडनही छापला, वुडहाऊसही. १९३०च्या दशकात भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी प्रेमकथांची मागणी लावून धरली आणि गाडी त्या रुळावर गेली. १९७१मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती विकत घेतली. भारतात कंपनी अधिकृतपणे आली २००८ साली. पण फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून ही पुस्तकं त्याच्या कितीतरी आधी घरोघरी गेली होती.

इथे लेखिका निवडली नाहीत तर पुस्तकं खरंच एकसारखी वाटतील. अब्जाधीश, करारी जबडा, गैरसमज, खासगी विमान. मी नील्स निवडते. ही बाई स्वतः नर्स होती, नवरा डच. निवृत्तीनंतर वाचनालयात कुणीतरी ‘चांगल्या प्रेमकादंबऱ्या मिळत नाहीत’ अशी कुरकुर करताना तिने ऐकलं आणि लिहायला बसली. पहिली १९६९ची, त्यानंतर शंभरावर. नायिका बहुधा नर्स, दिसायला बेताची, कामात वाघीण. नायक धिप्पाड डच डॉक्टर, अबोल, गाडी महागडी. वॉर्डातली रात्रपाळी, दुखावलेले पाय, आयता मिळालेला गरम चहा, कुणीतरी वाढलेलं ताट. दिवसभर दुसऱ्यांचं करणाऱ्या बाईचं कुणीतरी करतंय, एवढीच तिची कल्पनारम्यता. शृंगार म्हणाल तर शेवटच्या पानावर एक चुंबन.

जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या एका गावातल्या वाचक स्त्रियांशी बोलून १९८४मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी गोष्टीइतकंच वाचण्याच्या वेळेबद्दल सांगितलं होतं: हातात पुस्तक असलं की तो वेळ आपला, घराचा नाही. नील्स वाचताना मला ते दर वेळी आठवतं, कारण तिच्या गोष्टीतही तेच चाललेलं असतं. तिचा नायक काय विचार करतोय हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. आणि एकापाठोपाठ तीन वाचलीत तर चौथीत तुम्ही डच डॉक्टरच्या आईचा पोशाखही आधीच सांगाल. महिन्याला एक, एवढा डोस पुरे.

नोरा रॉबर्ट्स: काम आवडणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी १९७९, मेरीलँडमध्ये बर्फाचं वादळ, घरात दोन लहान मुलं आणि संपत आलेलं चॉकलेट. यातून सुटका म्हणून रॉबर्ट्सने लिहायला घेतलं. हार्लेक्विनने नकार दिला: आमच्याकडे अमेरिकन लेखिका एक आहे की! १९८१मध्ये सिल्हूट या नव्या प्रकाशनाने तिला छापलं, आणि आज तिची पुस्तकं दोनशेच्या पुढे आहेत. हार्लेक्विनकडची ती ‘एक’ लेखिका म्हणजे जॅनेट डेली. १९९७मध्ये तिने रॉबर्ट्सच्याच पुस्तकांतून चोरी केल्याचं कबूल केलं. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

२००९पासून आलेल्या रॉबर्ट्सच्या चार पुस्तकांच्या मालिकेत चार मैत्रिणी मिळून लग्नं लावून देण्याचा व्यवसाय चालवतात: एक फोटो काढते, एक फुलं बघते, एक केक करते, एक सगळ्यांना धारेवर धरते. प्रेमापेक्षा त्यांचं काम आणि मैत्री जास्त लक्षात राहते. भाषा साधी, काळ आजचा. इंग्रजी वाचायची सवय नसेल तर मी इथूनच सुरू करायला सांगेन, आणि हेयरकडे वर्षभराने जा म्हणेन.

आणि मराठीत?

हा प्रश्न येतोच. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. रेखीव नायिका, तरुण कॉलेजविश्व, सफाईदार कथानक, आणि हे सगळं बेतायचं कसं याचं शास्त्र सांगणारं ‘प्रतिभासाधन’. आज त्यांच्या भाषेची इस्त्री जरा जाणवते, पण प्रकरण कुठे तोडायचं हे शिकावं त्यांच्याकडून. चंद्रकांत काकोडकर त्यांच्यापेक्षा मोकळे. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून बेतलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमाही पडद्यावर आला. आज ‘श्यामा’ वाचणारा म्हणेल, एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालय?

पण हेयर किंवा नील्सच्या सवयीने मराठीकडे वळणाऱ्याला एक इशारा. आपल्या जुन्या प्रेमकादंबऱ्यांनी सुखाच्या शेवटाचा करार कधीच केलेला नाही. खांडेकरांकडे ध्येय आडवं येतं, दुसऱ्या कुणाकडे कर्तव्य, आजारपण, नाहीतर घरची अब्रू. आणि शेवटच्या प्रकरणात कोण कुणासाठी काय सोडून देईल याचा नेम नसतो. तेव्हा रद्दीच्या दुकानात अशी जुनी प्रत हाती लागली, तर पैसे द्यायच्या आधी शेवटची पानं जागेवर आहेत ना, बघून घ्या.