ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला त्याचा अनुभव: सेन्सर चांगला, कपलरचं रबर बेकार

ऐन गणपतीच्या धावपळीत परत चेक इंजिनची लाईट लागली आणि माझं डोकंच फिरलं, कारण ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन बघून इंजिनला पेट्रोल कमीजास्त करायला सांगतो तो) शिमग्याच्या आधीच नवा टाकला होता. म्हणून सविस्तर लिहितोय, समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर वाचाच.

गाडी २०१४ ची पेट्रोल, एमएच १२ पासिंग, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. आता रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला उघड्यावर असते, म्हणजे खारं वारं चोवीस तास. आंबा घाटात दुसऱ्या गिअरला दम खायची, अ‍ॅव्हरेज पार घसरलेलं, आणि धुराला पेट्रोलचा वास. मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅन केलं तर पी०१३३ हा फॉल्ट कोड निघाला आणि त्यांनी दोन्ही सेन्सर आणि कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला डबा) बदला म्हणून असलं एस्टिमेट हातात दिलं की गाडी विकलेली परवडेल. अहो, पी०१३३ म्हणजे पुढचा, कॅटकॉनच्या आधीचा सेन्सर सुस्त झालाय एवढंच! कॅटकॉनचा कोड पी०४२०, तो आलाच नव्हता. एवढे पैसे मागायचे तर आधी नीट बघायला नको?

मी साधा ईएलएम३२७ स्कॅनर लावून मोबाईलवर ग्राफ बघितला. इंजिन गरम असताना चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली नाचतो, माझा रेस दिल्यावर पण सावकाश चढायचा आणि वरच रेंगाळायचा. पण लगेच सेन्सर घ्यायला धावू नका, आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपचं) पॅकिंग आणि फ्लँज, म्हणजे पाईपचे जोड, बघा, आपल्याकडे ते गंजून लीक होतात, तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि सेन्सर बिचारा मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे असं सांगत बसतो. आणि ई२० पेट्रोलमुळे फ्युएल ट्रिम (इंजिन पेट्रोल किती वाढवतं-कमी करतं तो आकडा) थोडा प्लसमध्ये गेला तर तो सेन्सरचा दोष नाही.

सेन्सर गाडीच्याच कपलरवाला (कपलर म्हणजे वायरी जोडायचा प्लग) घेतला, तीन हजारांच्या आत मिळाला. कापून जोडायचा युनिव्हर्सल स्वस्त होता, पण बऱ्याच सेन्सरना आत तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरींच्या आतूनच जाते, सोल्डर केलं की ती वाट बंद. जुना काढताना घाम निघाला. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला होता तरी हलेना. मिस्त्री म्हणाला, "काका, असा नाय निघायचा, जरा गरम करूया," मग इंजिन थोडं चालवून बावीसच्या खाचवाल्या सॉकेटने एकदाचा निघाला. नव्याच्या आट्यांना अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) लावा, टोकाला अजिबात लागू देऊ नका.

लगेच फरक पडला. पिकअप आला, वास गेला, अ‍ॅव्हरेज बऱ्यापैकी परत आलं, पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्याच्या मर्यादेच्या खूप आत. तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग पावसाळा, आणि गणपतीत परत लागलेली ती लाईट. या वेळी कोड पी०१३५, म्हणजे सेन्सरला आतून गरम करणाऱ्या हीटरचं सर्किट. दुकानात गेलो तर काउंटरवरून उत्तर, "इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नाही." बिल दाखवलं, ग्राफ दाखवला, बघायला पण तयार नाहीत. प्रचंड राग आला, तेव्हा इथे एकच स्टार देणार होतो. पण घरी येऊन आधी फ्यूज बघितला, ठीक. मग कपलर काढून मल्टीमीटरने हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमध्ये मोजलं, रेझिस्टन्स व्यवस्थित! म्हणजे सेन्सर जिवंत. कपलरमध्ये बघितलं तर पिनांवर हिरवा थर चढलेला. नव्या कपलरच्या आतली रबर सील इतकी पातळ की बोटाने ढकलली तर सरकते, आणि कपलर लटकतो कुठे तर चाकाचं पाणी उडतं तिथेच. जुन्या सेन्सरची सील जाडजूड, इतक्या वर्षांनी पण घट्ट. तीन हजारांच्या पार्टमध्ये पाच रुपयांच्या रबरात काय वाचवलं यांनी, सांगा मला.

मिस्त्री कपलरमध्ये ग्रीस भरत होता, थांबवला. ग्रीस, कॉन्टॅक्ट क्लीनर काहीच नको, हवेची वाट तिथूनच सुरू होते आणि त्यांची वाफ आत गेली तर रीडिंग बिघडतं. बॅटरीची वायर काढून पिना कोरड्या ब्रशने घासल्या, जुन्या सेन्सरची सील काढून नव्यात बसवली, कपलर वर ब्रॅकेटला टायने बांधला. कोड क्लिअर केला, त्यानंतर धो धो पावसात पावस, गणपतीपुळे करून आलो, लाईट नाही.

चार स्टार. एक त्या रबराचा कापला, आणि काउंटरवाल्यांना शून्य. जुना सेन्सर मिस्त्रीकडे सोडून येऊ नका, त्याचा कपलर तरी कापून घरी आणा. कॅटकॉनच्या मागचा दुसरा सेन्सर मी बदललेला नाही, त्याचा ग्राफ सरळ रेषेत स्थिर येतो, आणि त्याने तसंच यायचं असतं.