बैठकीसाठी बर्बर गालिचा की कट पाइल?

हिवाळ्यात आमच्याकडची फरशी पायाला चावते. आईच्या गुडघ्यांसाठी बैठकीत जाड काही अंथरायचं ठरलं, तेव्हा यवतमाळच्या दुकानात दोन गालिचे मनात भरले: एक फासाफासांचा बर्बर, दुसरा आखूड लवीचा कट पाइल, म्हणजे फास कापून धाग्यांची टोकं मोकळी सोडलेला. आधी बर्बर घेतला. तीन वर्षांनी कट पाइलही घ्यावा लागला, म्हणून लिहितोय.

देखणेपणात बर्बर उजवा, यात वाद नाही. त्याच्या करड्या-तपकिरी ठिपक्यांत काळ्या मातीची पावलं लपून जातात, आणि वावरातून आलेला माणूस दाराशी पाय पुसेलच असं काही नाही. कट पाइलवर पाऊल लगेच उमटतं, धूळ मुळाशी जाऊन बसते. मग तो उन्हात उलटा टाकून काठीनं बडवायचा. एवढ्यावर भागलं असतं तर मी आजही बर्बरच सांगितला असता.

पण आघाडा! महालक्ष्म्यांना हौसेनं आणतो तोच, दिवाळीपर्यंत वाळतो आणि धुऱ्यावरून चालणाऱ्याच्या पँटीला चिकटून घरात येतो. त्याचं बी बर्बरच्या फासात जाऊन बसलं की हलत नाही. भाच्यानं असंच एक बी उपटलं, फास वर आला, आणि मी शहाणपणानं तो धागा ओढला. टर्रर्र करत दारापासून दिवाणापर्यंत अख्खी ओळ उसवली, वावरात तास निघावं तशी. एका ओळीतले फास सगळे एकाच सलग धाग्याचे! ओढायचाच नव्हता, कात्रीनं बाकीच्यांच्या उंचीला कापून मुळाशी गोंदाचा थेंब लावायचा होता. कट पाइलचा धागा निघाला तर तेवढाच चिमूटभर पुंजका निघतो, शेजाऱ्याला सोबत नेत नाही.

गंमत म्हणजे मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातल्या बर्बर लोकांचे नावाजलेले लोकरी गालिचे हातानं गाठी मारून, धागा कापूनच विणलेले असतात. फासांचा 'बर्बर' हे यंत्रावरचं प्रकरण.

माझा बर्बर पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा आहे. सांडलेला चहा पीत नाही, पण तेलाशी त्याची दोस्ती. तर्री पोह्यांची बशी कलंडली ती जागा अजून ओळखू येते. दिवाण घासत ओढला तर धागा तापून चकचकीत चट्टा पडतो, तो जात नाही. लोकरीचा या बाबतीत बरा म्हणतात, पण त्याला कसर लागते, आणि भाव ऐकून आम्ही उठलो. व्हॅक्यूम असेल तर फिरता ब्रश बंद ठेवा, त्यानं फास पिंजतात. कूलरचा झोत दोन्हींवर नको. ओल खाली दडते आणि आषाढापर्यंत कुबट वास येतो.

घरात फासांत नखं अडकवणारं मांजर नसेल, शेतातून थेट कुणी बैठकीत येत नसेल, तर बर्बर जरूर बघा. आमचा आता वरच्या खोलीत आहे, उसवलेली ओळ पलंगाखाली घालून.