टेलि-मानस १४४१६ : नवऱ्याच्या नादापायी झिजणाऱ्या बाईला ही सेवा किती कामाची?

नवरा दारूडा निघाला तर गाव बायकोची कीव करतं. त्याला बायांचा, अश्लील व्हिडिओंचा किंवा पैसे मोजून संबंध ठेवण्याचा नाद सुटेनासा झाला, की प्रश्न तिलाच येतो: "तूच कुठं कमी पडली का वं?" म्हणून यवतमाळ-वाशीमच्या खेड्यातली बाई हे माहेरीही बोलत नाही. अशा बाईला घर न सोडता, मराठीत, चोवीस तास आणि फुकट बोलता येईल अशी फोनवरची सोय म्हणजे टेलि-मानस. केंद्र सरकारनं ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. ही सेवा सगळ्याच मानसिक तक्रारींसाठी आहे. इथं तिचं मोजमाप फक्त या एका बाईच्या गरजेवर केलं आहे.

१४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ लावायचा, भाषा मराठी निवडायची. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज दिसली तर पुढच्या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टर. अॅप टाकायची गरज नाही, साधा बटणांचा फोन चालतो. हे फार मोलाचं.

फोन वाया जातो तो पहिल्याच वाक्यात. "माझ्या नवऱ्याला अशी सवय आहे, काय करू?" असं म्हटलं की पुढची सगळी विचारपूस त्याचीच होते. तो तर लाइनवर नाही. शेवटी "त्यांना घेऊन दवाखान्यात या" यापलीकडे हाती काही लागत नाही. त्याऐवजी स्पष्ट सांगा: "मी माझ्यासाठी बोलतेय. नवऱ्याचं लैंगिक वागणं त्याच्या ताब्यात राहिलेलं नाही, हे मला वीस दिवसांपूर्वी कळलं. तेव्हापासून मला झोप नाही." मग रात्री किती तास झोप लागते, जेवण किती, छातीत धडधड, दिवसातून किती वेळा त्याचा मोबाइल तपासता, हे आकड्यांत सांगा. मरणाचे विचार येत असतील तर ते सगळ्यात आधी. मारहाण, जबरदस्तीचा संबंध, गहाण टाकलेले दागिने किंवा पीककर्जातून उडालेले पैसे, हेही लपवू नका. पुढचा सल्ला त्यावर ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ताबा सुटलेल्या लैंगिक वर्तनाला ६सी७२ हा क्रमांक आहे. सहा महिने किंवा जास्त काळ आवरता न येणं आणि त्यातून घर-काम बिघडणं ही त्याची खूण. बायकोच्या अवस्थेला मात्र तिथं वेगळं नाव नाही. तिची तपासणी नैराश्य, चिंता किंवा धक्क्यानंतरचा ताण म्हणून करून घ्यावी लागते. ती मागून घ्या, आपणहून होईल असं धरू नका. आणि त्याचं हे वागणं अचानक सुरू झालं असेल, सोबत झोप कमी, बडबड व उधळपट्टी वाढली असेल, तर तसं सांगा. तो उन्मादाचा आजार असू शकतो आणि त्याला औषधं वेगळी लागतात.

मोबाइल तपासण्याबद्दल थोडं. तपासलं की तासभर बरं वाटतं, मग शंका दुप्पट होऊन परत येते. घरची मंडळीही बाईलाच पहारेकरी करून टाकतात. समुपदेशकाला नेमकं हे विचारा: तपासणं कसं कमी करू, आणि त्याला कोणती अट घालू.

पाचपैकी आम्ही साडेतीन देऊ. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल या भरवशावर राहता येत नाही, म्हणून वहीत तारीख व सल्ला लिहून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी तिथूनच पुढं बोला. शरीराची तपासणी तर फोनवर होणारच नाही. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र गाठा: एचआयव्ही चाचणी मोफत, तुमच्या संमतीनं, आणि निकाल गुप्त. ओळखीचे कर्मचारी असतील तर दुसऱ्या तालुक्यात जा. सिफिलिस आणि काविळीच्या बी विषाणूचीही चाचणी मागा. एचआयव्हीची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण लागण ताजी असेल तर पहिल्या वेळी सापडत नाही. तोवर निरोध, नाहीतर संबंध नाही. नवरा बाधित असल्याचं कळलं आणि संबंधाला ७२ तास उलटले नसतील, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात जा. प्रतिबंधक गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. चौकशीसाठी एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७.

एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोग जाहिरातींवर पैसे घालू नका. तिथं ताकद वाढवायच्या पुड्या मिळतात, इथं दुखणं उलटं आहे. जबरदस्ती होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक आणि आर्थिक छळही येतो, आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात.

फोन घरात सामाईक असेल तर दुपारी वावरातून किंवा आशाताईच्या घरून करा, आणि झाल्यावर यादीतून नंबर पुसा.