नवी पेठेतलं जुन्या डीव्हीडींचं दुकान : चार तारे

बोळातलं दुकान, पंखा बंद, सोलापूरचा मे महिना. तरी तासभर खोकी उपसली. दुकानदार काकांकडे कधी नाव न ऐकलेले स्लॅशर सिनेमे, म्हणजे खुनी एकेकाला मारत सुटतो ते, ढिगाने. ३० रुपयांना एक. मला हेच आवडतात. रक्त म्हणजे सरळ रंगाचं पाणी, माइक वरून डोकावतो. पण एकही चेहरा ओळखीचा नाही, त्यामुळे कोण वाचेल याचा नेम नाही. १९७८चा ‘हॅलोवीन’सुद्धा स्वस्तातलाच की! खुन्याचा मुखवटा दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवलेला. माझ्या डिस्कमधल्या मारेकऱ्याच्या हातमोज्यावर तर किमतीची चिठ्ठी तशीच. चादरीत तोंड खुपसून हसलो.

दुसरी डिस्क ऐन शेवटच्या खुनाला अडकली. काकांनी मुकाट बदलून दिली, वर खुनी कोण तेही सांगून टाकलं. एक तारा त्याचा कापला.