कारेइगावा: स्टेशन, डबा आणि बाबांचा अभिप्राय

बाबा स्टेशनमास्तर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी कुर्डुवाडी ते लातूर या बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवर काढली. गेज बदललं तेव्हा त्यांचं कौलारू स्टेशन पाडलं गेलं. त्यामुळे ते माझ्याकडे जपानमध्ये कुमामोतोला आले, तेव्हा त्यांना किल्ले-देवळांच्या आधी कारेइगावा दाखवायचं, हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

कारेइगावा हे कागोशिमा प्रांतातल्या किरिशिमा शहराच्या हद्दीतलं, हिसात्सु लाइनवरचं छोटं स्टेशन. 15 जानेवारी 1903 ला ते उघडलं आणि इमारत तेव्हाचीच आहे. कुमामोतोहून सरळ डोंगरातून यायची वाट जुलै 2020 च्या पुरात कुमा नदीने मोडली. यात्सुशिरो ते योशिमात्सु हा भाग तेव्हापासून बंद आहे. म्हणून आम्ही शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कागोशिमा-चूओ गाठलं, तिथून निप्पो लाइनने हायातो आणि मग किहा 47 डिझेल डब्याने डोंगर चढलो. हायातोपासून चौथं स्टेशन. कागोशिमा विमानतळ जवळच आहे, गाडीने लवकर पोचता येतं. पण माझं ऐका, रेल्वेनेच जा. सुरूसारख्या उंच, काळपट झाडांमधून वळणं घेत डबा वर चढतो आणि अचानक ते लाकडी छप्पर दिसतं. मोटारीतून उतरून ते पाहण्यात ती मजा नाही.

स्टेशनवर कर्मचारी कुणी नाही. तरी जाळं नाही, कचरा नाही, बाकावर धूळ नाही. गावकरी स्वतः निगा राखतात. आडव्या फळ्यांच्या भिंती उन्हापावसाने करड्या पडल्यात आणि त्यांवर रंगरंगोटी केलेली नाही, हे मला फार आवडलं. तिकीट खिडकी जागेवर आहे. तिच्या लाकडी फळीच्या कडा इतक्या हातांनी घासल्या गेल्यात, की गोलसर झाल्यात. बाबांनी तिथे तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. "पैसे सरकवून सरकवून झालंय हे," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी फलाट न्याहाळला. गाडी एका-दोन डब्यांची आणि फलाट एवढा लांब कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी रेल्वेवाल्याचा होता. उत्तर इतिहासात आहे. 1909 मध्ये हितोयोशी ते योशिमात्सु हा अवघड डोंगरी टप्पा पूर्ण झाला आणि उत्तरेकडून कागोशिमाला येणारी मुख्य लाइन इथूनच जाऊ लागली. किनाऱ्याने रूळ टाकले तर शत्रूची जहाजं समुद्रातून तोफा डागतील, अशी लष्कराला भीती होती, म्हणून डोंगराची वाट धरली असं सांगतात. 1927 मध्ये किनाऱ्याची लाइन झाली, मुख्य लाइनचं नाव तिकडे गेलं आणि ही हिसात्सु लाइन म्हणून मागे उरली. मला वाटतं, त्यामुळेच इमारत वाचली. वर्दळ राहिली असती तर काँक्रीट आलं असतं.

2003 मध्ये गावाने स्टेशनची शंभरी साजरी केली. पुढच्या वर्षी शिंकान्सेन कागोशिमाला आली आणि तिच्या जोडीला 'हायातो नो काझे' ही काळ्या रंगाची पर्यटक एक्स्प्रेस इथे थांबू लागली. 2006 मध्ये इमारतीची राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झाली. ती एक्स्प्रेस मार्च 2022 मध्ये बंद पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिचे डबे आता नागासाकी-सागा भागात दुसऱ्या नावाने धावतात.

आता जेवणाचा डबा. 'ह्याकुनेन नो ताबी मोनोगातारी कारेइगावा', म्हणजे शंभर वर्षांच्या प्रवासाची गोष्ट. क्यूशू बेटावरच्या स्टेशनांवर मिळणाऱ्या जेवणाच्या डब्यांच्या स्पर्धेत हा सलग तीन वर्षं पहिला आलेला आहे. बांबूच्या सालीच्या पेटीत शिताके अळिंबी आणि बांबूचे कोंब घालून शिजवलेला भात, क्रोकेट आणि 'गाने'. कागोशिमाच्या बोलीत गाने म्हणजे खेकडा, पण त्यात खेकडा नसतो. रताळ्याच्या लांब कापट्या पिठात घोळवून तळल्या की पाय पसरल्यासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. गार झाल्यावरही ते भज्यासारखं चिवट होत नाही, आतून गोड आणि मऊ राहतं. भात थोडा गोडसर लागला, मला तिखटाची आठवण झाली. बाबांनी मात्र पेटी चाटूनपुसून रिकामी केली आणि धुऊन गावी नेली. कडक शाकाहारी असाल तर इथल्या स्वयंपाकात माशाचा अर्क सर्रास असतो, हे ध्यानात ठेवा.

डबा फक्त शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी मिळतो, आणि संपतो. सकाळीच पोचा. गाड्या फार कमी आहेत, परतीची वेळ आधी लिहून घ्या. या लाइनवर कार्ड चालत नाही. चढताना दारातली आकड्याची चिठ्ठी घ्या आणि उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत तिच्यासकट रोख पैसे टाका. सुटे जवळ असू द्या. आसपास दुकान जवळजवळ नाही, पाणी बरोबर न्या.

वेळ असेल तर तसंच पुढे ओसुमी-योकोगावाला जा. तेही त्याच दिवशी उघडलेलं, तसंच लाकडी. तिथल्या फलाटाच्या एका खांबात दुसऱ्या महायुद्धात विमानातून झाडलेल्या मशीनगनच्या गोळीचं भोक आहे. बाबा वाकून त्यातून पलीकडे पाहत होते तेवढ्यात गाडीचा आवाज आला. ते सवयीने फलाटाच्या कडेपासून मागे सरकले, सरळ उभे राहिले आणि डबा पूर्ण थांबेपर्यंत हलले नाहीत.