आडनावाच्या शोधात ४०,२०० रुपये गमावले

जुन्या दफ्तरांतून आमच्या आडनावाचा माग काढून देतो, असे सांगणाऱ्या एका इसमाने माझ्याकडून चार वेळा मिळून ४०,२०० रुपये उकळले: शोधाचे ४,५००, प्रमाणित नकलेचे १२,०००, ‘सरकारी शुल्का’चे ८,७०० आणि लिप्यंतराचे १५,०००. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी ही जुनी लिपी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आणि त्या गर्दीत असे लोक कसे शिरले, हे आपण जाणताच. तेव्हा तो काय गोड बोलला, हे सांगत बसत नाही.

मी अडाणी नाही. चौतीस वर्षे हिशेब तपासण्याची नोकरी केली आहे. परंतु माझे थोरले बंधू ८३ वर्षांचे आहेत, आपले मूळ गाव डोळ्यांदेखत कळावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि आमच्या घरात मोडी वाचणारे आजोबा जाऊन पन्नास वर्षे झाली. अशा वेळी जाणकार म्हणवणाऱ्यावर विश्वास ठेवला, यात माझे काय चुकले?

चुकले ते पुढे. पहिले तीन हप्ते घेतल्यावर त्याने कागदाचे छायाचित्र आणि पहिल्या चार ओळींचे लिप्यंतर नमुन्यादाखल पाठवले. त्यात ‘शके १६८४’ आणि पुढे ‘इ. स. १७८४’ असे लिहिले होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणजे १७६२ यायला हवे होते. मी तो आकडा वाचला, आणि बंधू भिंग घेऊन आमचे आडनाव पुन्हा पुन्हा पाहत होते म्हणून पुढे गेलो. शेवटचे १५,००० तेव्हा माझ्याच खात्यात होते. त्या संध्याकाळची आठवण झाली की आजही जीव जळतो.

पुढे मोडीच्या एका अभ्यासकांनी दोन मिनिटांत तो कागद बाजूला सारला. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत, शब्द तोडत नसत. येथे प्रत्येक शब्दानंतर जागा आणि ओळीअखेर पूर्णविराम होता. सगळे ‘क’ एकाच ठशाचे, म्हणजे संगणकावरचे. त्या काळच्या कागदांत माणसाची ओळख बहुधा ‘अमुक बिन अमुक, मोकदम मौजे अमुक’ अशी येते. आमचे आडनाव मात्र आजच्या शिधापत्रिकेवर असावे तसे छापले होते. कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरातला असल्याचे त्याने सांगितले होते, पण तेथील कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले असतात आणि रुमालाचा क्रमांक त्याने कधीच दिला नाही. क्रमांक मिळाल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका.

तक्रारीचा अनुभव याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला आहे’ असे सांगितले, दुसऱ्या खेपेस हद्द आमची नाही म्हणाले, आणि तिसऱ्या खेपेस एका अधिकाऱ्याने ‘आडनाव शोधून मिळणार काय होते?’ असे सगळ्यांसमोर विचारले. बँकेने व्यवहार माझ्याच पिनने झाला, एवढ्यावर हात झटकले. फसवणूक म्हणजे माणसाला पिन टाकायला लावणेच असते, हे यांना कोणी सांगायचे? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळवायला माझा अर्धा दिवस गेला. या धावपळीत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी एकोणिसाव्या दिवशी फोन केला, तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. तुम्ही तो फोन पहिल्या तासात करा, ठाण्यात नंतर जा.

शोध घ्यायचाच असेल, तर आधी शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, गाव नमुना नंबर १४ (जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि जमिनीचे जुने फेरफार स्वतः पाहा.

गेल्या आठवड्यात एका परिचितांनी मला एक छायाचित्र दाखवले. तोच कागद, तोच शके १६८४, फक्त आडनाव त्यांचे. त्यांच्याकडेही शोधाचे ४,५०० मागितले आहेत.